सिदूच्या पोटरीतल्या नव्या नसा

सिदू पोतं उचलताना तोंडातून आवाज काढत नसे. हमालीत बहुतेक जण काढतात. कोणी हुंकार देतो, कोणी देवाचं नाव घेतो. त्याने पोतं हलकं होत नाही, पण सवय पडते. सिदू गुडघ्यात वाकायचा, पोतं पाठीवर घ्यायचा, एकदा खांदा हलवून ते जागेवर बसवायचा आणि चालू लागायचा. ट्रकपासून गाळ्यातल्या थप्पीपर्यंत एका चालीत. मी टोळीचा मुकादम होतो. कोण राबतो आणि कोण राबल्यासारखं करतो, ते बघणं माझं काम. सिदूकडे बघावं लागत नसे.

तो सांगोला तालुक्यातला. घरी मेंढरं. थोरला भाऊ मेंढरांमागे राहिला आणि हा सोलापूरला मार्केट यार्डात कांद्याच्या हमालीला आला. आला तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. कोकरू उचलावं तसं पोतं छातीशी धरायचा. मी त्याला पाठीवर घ्यायला शिकवलं. पुन्हा शिकवावं लागलं नाही. पुढे लग्न झालं, सुकन्या आली. भवानी पेठेत माझ्याच गल्लीत त्यांनी खोली घेतली. खोलीच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना आहे. दिवसभर खटखट चालते. सुकन्या तिथे टॉवेलच्या कडा शिवते.

सिदूला एकच नाद होता, बिडीचा. एक ट्रक रिकामा झाला की बिडी, दुसरा लागेपर्यंत आणखी एक. कामात कमी पडत नव्हता, म्हणून मी काही बोललो नाही.

मग एका हंगामात तो वाटेत थांबायला लागला.

पाठीवर पोतं, आणि मध्येच उभा. मागची सगळी रांग अडायची. त्याच्या मागे बिरुदेव असायचा. तोंडाचा फाटका, मनाने बरा.

“काय रं सिदू, फोटू काढायचाय व्हय? चल की फुडं.”

“पोटरीत गोळा आलाय.”

“गोळा आलाय म्हनं! सुकन्यावैनीनं भाकरीत काय घातलं का?”

सगळे हसले. सिदूही हसला. थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि परत चालू लागला. पुढच्या खेपेला साधारण तिथेच पुन्हा थांबला.

मी लांबून बघत होतो. कामचुकार माणूस पोतं पाठीवर घेऊन कधी थांबत नाही. तो पोतं घ्यायच्या आधी थांबतो. तंबाखू मळतो, चप्पल काढतो, लघवीला जातो. भार घेऊन उभं राहणं हे भार घेऊन चालण्यापेक्षा जड असतं. हा उभा राहत होता, म्हणजे पाय खरंच पुढे जात नव्हता. त्या दिवशी मी त्याला थप्पीवर घेतलं. तिथे चालणं कमी असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी काम सोडलं. वय झालं होतं. सिदूची वाट रोज थोडी थोडी आखूड होत गेली, ते मला बिरुदेव येऊन सांगायचा. शेवटी रिकाम्या हातानेसुद्धा तो यार्डाच्या गेटपासून गाळ्यापर्यंत सलग जात नव्हता. त्यात उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख पोत्याखाली चेंगरलं. आम्हाला असली जखम म्हणजे काही नाही. हळद दाबायची, फडकं बांधायचं, काम करायचं. सिदूची जखम भरेना. हळदीने भरली नाही, दवाखान्यातल्या मलमाने भरली नाही. नखाच्या कडेचं मांस पांढरट झालं, मग राखाडी.

मी बघायला गेलो तर सिदू खाटेवर कडेला बसलेला. उजवा पाय खाली सोडलेला.

“वर घे की पाय,” मी म्हणालो.

“वर घेतला की ठणका लागतुया, नाना. खाली सोडला की जरा बरं वाटतंय.”

खाली सोडलेला पाय जांभळट लाल दिसत होता. मी हात लावला. डाव्या पायापेक्षा गार. दुपारची वेळ, पत्र्याची खोली, बाहेर ऊन, आणि पाय माठाच्या बुडासारखा गार. मी सुकन्याला म्हणालो, उद्या कामावर जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मोठ्या दवाखान्यात गेलो.

तिथे राजशेखर नावाचे डॉक्टर होते. नसांचे डॉक्टर. अक्कलकोटकडचे. बाहेर शिपायाशी कानडीत बोलायचे, आमच्याशी मराठीत. त्यांनी सिदूच्या पावलावर बोटं ठेवली, घोट्याच्या मागे ठेवली, बराच वेळ ठेवली. मग डाव्या पायावर ठेवली. मग सिदूचा हात उलटा करून बोटं बघितली. पिवळी होती.

“बिडी?”

“व्हय.”

“कधीपासून?”

“मेंढरामागं हुतो तवापास्नं.”

“आजपासून बंद. कमी नाही, बंद. तंबाखू खाता?”

“न्हाय. खात न्हाय कदी.”

ते खरं होतं. सिदूने कधी तंबाखू मळून खाल्ली नाही.

मग नसांचा फोटो काढला. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून पडद्यावर दाखवला. मांडीतून एक जाड रेघ खाली येत होती. गुडघ्याखाली थोडी चालून ती संपत होती. तुटलेल्या दोऱ्यासारखी नाही. हळूहळू बारीक होत, मग काहीच नाही. ती जिथे संपत होती तिथून कडेकडेने बारीक, पिळलेल्या रेघा फुटल्या होत्या. दोडक्याच्या वेलाला तणावे असतात, तशा.

“मुख्य नस इथे बंद झालीय,” डॉक्टर म्हणाले. “तंबाखूने नसेला आतून सूज येते, रक्ताची गुठळी बसते. वरून खाली जोडायचं ऑपरेशन करतात, पण जोडायला खाली चांगली नस लागते. ती यांच्याकडे नाही.”

“मग?” सुकन्या म्हणाली.

“मग ह्या.” त्यांनी पेन त्या पिळलेल्या रेघांवर ठेवलं. “ह्या नव्या आहेत. शरीरानेच काढल्यात. वाढल्या तर पाय वाचेल.”

सिदू पडद्याकडे बघत होता. “ह्या माज्या हाईत?”

“तुमच्याच.”

“कुनी सांगितलं त्यास्नी फुटा म्हनून?”

डॉक्टर जरा हसले. त्यांना घाई होती, बाहेर रांग होती, तरी ते बसले आणि त्यांनी सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो.

मांसाला रक्त कमी पडलं की ते गप्प बसत नाही. ते एक पदार्थ सोडतं. तो निरोप. जवळच्या नसांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशींच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, प्रथिनं असतात. अर्धं प्रथिन बाहेर, अर्धं पेशीच्या आत. निरोप बाहेरच्या अर्ध्याला येऊन चिकटतो. चिकटला की आतलं अर्धं जागं होतं आणि पेशीला हुकूम देतं. पेशी जागा सोडते, निरोप जिकडून आला तिकडे सरकते. जी पेशी पुढे निघाली ती तिच्या अंगावरच्या दुसऱ्या एका प्रथिनाने शेजारणीला धरते आणि सांगते, तू पुढे येऊ नको, माझ्या मागे राहा. मग मागच्या पेशी वाढत जातात, एकीला एक लागून राहतात आणि त्यांची नळी होते. सगळ्याच पुढे धावल्या तर नळी होत नाही, नुसता गोंधळ होतो.

हे मला लगेच पटलं. ट्रकच्या फळीवर एकच माणूस पुढे असतो. बाकीच्यांनी त्याच्या मागे पाय टाकायचा.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. त्या पेशींच्या अंगावर एक असंही प्रथिन असतं की ते निरोप धरून ठेवतं आणि आत फारसं काही कळवतच नाही.

“त्ये कशाला ठिवलंय मग?” सिदू म्हणाला. “आमच्यात आसलं तर मुकादम हाकलून दील.”

“ते लागतं. सगळे निरोप आत गेले तर नसा नको तितक्या फुटतील. डोळ्यात नको तिथे फुटल्या तर नजर जाते. गाठीत फुटल्या तर गाठ पोसते. सांगणारं लागतं तसं अडवणारंही लागतं.”

“मग माज्यात अडवनारं जास्त झालंय का?”

“तुमच्यात बिडी जास्त झालीय. तुमचं शरीर नस काढतंय. पण तंबाखू आत गेली की सूज पुन्हा सुरू होते आणि नवी नससुद्धा बंद पडते. तुम्ही फक्त दोन गोष्टी करायच्या. तंबाखू नाही, आणि या पायावर भार नाही. बाकी काम त्या करतील.”

खोलीवर आल्यावर सिदूने खिशातलं बंडल काढलं, काडीपेटी काढली आणि दोन्ही सुकन्याच्या हातात दिलं. ती मागच्या मोरीत गेली. बिड्या चुरून पाण्यात सोडल्या. काडीपेटी ठेवली, चुलीला लागते म्हणून.

बिडी सुटणं कसं असतं ते मी बघितलं. माझीही सुटली आहे, पण मी हळूहळू सोडली. त्याने तोडली. पहिले काही दिवस तो घामाने भिजायचा. भाकरी पुढे आली की चिडायचा. सुकन्याला काहीबाही बोलायचा, मग गप्प व्हायचा. यार्डातली माणसं भेटायला यायची, ती बाहेर गल्लीत बिडी पिऊन मग आत यायची. एकदा बिरुदेव तसाच आत आला, तर सिदू म्हणाला, “तोंड धू आदी. वास येतुया.”

“लई शाना झालास की रं! काल पतूर माज्याच बंडलातनं वडत हुतास.”

“काल पतूर चालत बी हुतो.”

बिरुदेव बाहेर जाऊन चूळ भरून आला. त्यानंतर तो ओढून कधी आला नाही.

आणि सिदू बसला. ज्याने आयुष्यभर उचललं त्याला बसणं म्हणजे सोपं काम वाटेल. मी रोज दुपारी जायचो, बघायचो. खाटेवर पाठ टेकून, पाय डॉक्टरांनी सांगितला तसा. संडासला जायचं तर काठी घेऊन, उजवं पाऊल टेकवायचं नाही. पाणी प्यायला उठायचं नाही, सुकन्या तांब्या भरून ठेवायची तेवढंच. त्याने लबाडी केली नाही. एकदाही पाय टेकलेला मी बघितला नाही. काम बसायचं होतं, त्याने ते नीट केलं.

जखम भरू लागली. पांढरट कड गुलाबी झाली. दर भेटीला डॉक्टर बघायचे, सुईने टोचून रक्त येतं का बघायचे. येत होतं. मी डॉक्टरांना सांगितलं, साहेब, याने बिडीला हात लावलेला नाही, मी रोज बघतो. डॉक्टर म्हणाले, दिसतंय. सुकन्या त्या दिवशी येताना पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं बोलली. कारखान्यात एका बाईच्या हातात सुई गेली, ते सांगत होती.

पण ठणका गेला नाही. आणि नंतर जखम जिथे होती तिथेच थांबली. नंतर मागे फिरली. अंगठ्याची गुलाबी कड पुन्हा राखाडी झाली. शेजारचं बोट निळं पडलं. डॉक्टरांनी औषध बदललं. पुन्हा विचारलं.

“बिडी?”

“न्हाय.”

“खरं सांगा.”

“आईच्यान न्हाय.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सुकन्याने मान हलवली. आम्ही तिघेही खरं सांगत होतो.

अंगठा काळा पडला तेव्हा सिदूला दाखल केलं. काळा म्हणजे जळक्या लाकडासारखा, कोरडा. त्यात आता दुखत नव्हतं. दुखत होतं त्याच्या वर.

दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन वॉर्डात गेलो. सुकन्या रात्री तिथेच झोपली होती. सिदू खाटेवर उठून बसला होता. मांडीवर स्टीलची छोटी डबी. उजव्या हाताचं बोट तोंडात. तो दातांवरून, हिरड्यांवरून बोट फिरवत होता, सावकाश. खाटेखाली भांडं ठेवलं होतं, त्यात काळं थुंकत होता. त्याच वेळी डॉक्टर राउंडला आले.

ते खाटेजवळ उभे राहिले.

“हे काय आहे?”

सिदूने बोट काढलं. “दात घासतुया.”

“कशाने?”

“मिसरी हाय.”

डॉक्टरांनी डबी हातात घेतली. वास घेतला. त्यांना वास घ्यायची गरज नव्हती. आमच्या भागातल्या माणसाला मिसरी काय ते सांगावं लागत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटायची. बायका लावतात, पुरुषही लावतात. सकाळी लावल्याशिवाय कोणाला बाहेर पडवत नाही. सिदूची मिसरी त्याची आई कस्तुराबाई गावाकडे भाजायची आणि सोलापूरला येणाऱ्या कोणाच्याही हाती डबी पाठवायची.

“दिवसातून एकदा लावता?”

सिदूने सुकन्याकडे बघितलं. तीच म्हणाली, “आदी सकाळचंच लावायचे. बिडी सोडल्यापास्नं जास्त लावत्यात. तलप आली की लावत्यात. मीच म्हनलं, बिडीपेक्षा ह्ये बरं, दात तरी साफ व्हत्यात.”

वॉर्डात बाकीचे रोगी, त्यांची माणसं, सगळे आपापलं करत होते. कोणी केळं सोलत होतं. डॉक्टर डबीचं झाकण लावत होते. ते नीट बसत नव्हतं. त्यांनी ते काढून परत लावलं.

“ही तंबाखू आहे, सिदू.”

“खात न्हाय की मी. थुकून टाकतुया.”

“हिरडीतून जाते आत.”

मिसरी मी बघितली होती. सगळ्या गल्लीने बघितली होती. मिसरी कोणी बघत नाही. तोंड धुणं बघावं, तसं ते.

“माझी आजी लावायची,” डॉक्टर म्हणाले. “मी नाव घेऊन विचारायला पाहिजे होतं.” मग ते पुढच्या खाटेकडे गेले. डबी त्यांनी बरोबर नेली.

दुपारी पुन्हा फोटो काढला. यावेळी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं नाही. मीच विचारून गेलो. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्यात तणाव्यासारख्या रेघा होत्या. दुसऱ्यात त्या आधी वाढल्याचं दिसत होतं, दोन जरा जाडही झाल्या होत्या, पावलाकडे निघाल्या होत्या. आणि वाटेतच संपल्या होत्या. वरची मोठी नस संपली होती, तशाच.

“मिसरी नसती तर?” मी विचारलं.

“सांगता येत नाही, काका. कदाचित पोचल्या असत्या.”

गुडघ्याखाली पाय काढायचा ठरला. अंगठा काढून भागणार नव्हतं, कारण जिथे कापायचं तिथली जखम भरायलाही रक्त लागतं. सही करायची होती, सिदूने केली. सही करायच्या आधी त्याने एकच विचारलं.

“आता मिसरी सोडली तर?”

“हा पाय जाईल. दुसरा राहील. नाही सोडली तर दुसऱ्याचंही हेच होईल.”

“बरं.”

ऑपरेशन झालं. मी बाहेरच्या बाकावर होतो. सुकन्या माझ्या शेजारी बसून पदराच्या कडेचा निघालेला दोरा तोडत होती. तिचं कामच कडांचं. बिरुदेव आला, थोडा वेळ बसला आणि म्हणाला, “नाना, त्येची चप्पल यार्डात ऱ्हायलीया. आनायची का?” मग तोच म्हणाला, “डावी आनतो.”

दोन दिवसांनी सिदू नीट शुद्धीत बोलायला लागला. डॉक्टर पट्टी बघत होते. तो छताकडे बघत म्हणाला, “सायेब, त्या नव्या फुटल्या हुत्या, त्या बी गेल्या का?”

“काही गेल्या. कापलं त्याच्या वर आहेत काही.”

“त्यास्नी आता काय काम?”

“आहे. ही जखम त्याच भरतील.”

सिदूने मान हलवली. हमाल दुसऱ्या गाळ्यावर पाठवला की मान हलवतो, तशी.

जखम भरली. घरी आल्यावर सिदूने सकाळी दात घासायला दंतमंजन घेतलं. गोड लागतं म्हणून टाकलं. मग मीठ घेतलं, तेही टाकलं. बोट तोंडात गेलं की बोटालाच मिसरी पाहिजे असायची. बिडीच्या वेळी घाम यायचा, चीड यायची. आता तसं काही नाही. तो सकाळी उठून बसायचा आणि बसून राहायचा. तोंड धुतल्याशिवाय चहा घेणार नाही, आणि तोंड धुणार नाही. दुपारी मी जायचो तेव्हा चहा तसाच झाकलेला असायचा. सुकन्या कामावरून आली की तोच गरम करून द्यायची.

“बिडी लोकांत वडायचो,” तो मला म्हणाला. “मिसरी घरातली हुती.” एवढंच.

तपासणीला आम्ही जायचो तेव्हा डॉक्टर डाव्या पायाला नसेतलं रक्त ऐकायचं छोटं यंत्र लावायचे. त्यातून वारा चालल्यासारखा आवाज यायचा. तो आला की डॉक्टर म्हणायचे, “आहे.” पुढच्या वेळेस परत लावायचे, परत म्हणायचे. सिदूला काही कळायचं नाही. त्याला तो पाय नेहमीसारखाच वाटायचा. पहिला पायही बरेच दिवस नेहमीसारखाच वाटला होता.

मग गावाकडून कस्तुराबाई आली. इतके दिवस आली नव्हती, कारण थोरला मेंढरं घेऊन लांब गेला होता आणि घरी कोणी नव्हतं. एस.टी.ने एकटी आली. वाळलेली म्हातारी, पाठ ताठ. दारातून आत आली, सिदूच्या खाटेवर बसली, चादर बाजूला केली आणि गुडघ्याखाली जिथे पाय संपतो तिथे हात ठेवला. बराच वेळ ठेवला. रडली नाही.

“कशानं रं?”

“बिडीनं.”

सुकन्या चुलीजवळ होती. तिने मागे वळून बघितलं नाही. मी दारात बसलो होतो.

“त्या बिडीला आग लागली,” कस्तुराबाई म्हणाली. “तुजा बा बी वडायचा. किती येळा म्हनलं तुला. ऐकलंस का? मेंढराला एकदा वराडलं तर ऐकतंय.”

“ऐकाया पायजे हुतं.”

“आता वडतुस का?”

“न्हाय आये. सोडली.”

“सोडली न्हवं? मग बास.”

ती दोन दिवस राहिली. सुकन्याच्या हातातून सगळी कामं काढून घेतली. भाकऱ्या केल्या, भांडी घासली, गल्लीतल्या बायकांना सिदूच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या. मिसरी ती सकाळी बाहेर मोरीवर बसून लावायची. वास आत यायचा. सिदू भिंतीकडे तोंड करून पडायचा. सुकन्या ते बघायची.

जायच्या दिवशी सकाळी मी तिला स्टँडवर सोडायला म्हणून आलो. तिने पिशवी भरली होती. निघता निघता परत बसली, कनवटीची डबी काढली आणि सिदूच्या पुढे धरली.

“घे. ताजी भाजलीया, निघायच्या आदी. तुला म्हनूनच आनली हुती, द्यायची ऱ्हायली.”

सिदूने डबीकडे बघितलं. हात पुढे केला नाही.

“नको आये.”

“का रं?”

“दात दुकत्यात.”

“मिसरीनंच थांबतंय की दुकायचं. लाव वाईच.”

“नको म्हनलं न्हवं.”

कस्तुराबाई डबी तशीच धरून बसली. “सुकन्याच्या म्हायारची मिसरी ग्वाड लागाया लागली वाटतं.”

सुकन्या भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ हलले. सिदूने तिच्याकडे बघितलं, आणि ती थांबली.

“तसं न्हाय,” सिदू म्हणाला. “नको वाटतंय.”

“माज्या हातचं नको वाटतंय.”

कस्तुराबाईने झाकण दाबून बसवलं, डबी कनवटीला लावली आणि उठली. दारात तिने सुकन्याच्या डोक्यावरून हात फिरवला, सिदूच्या नाही. स्टँडवर गाडी लागली तेव्हा मला म्हणाली, “त्येच्या बापाला बी मीच भाजून द्यायची,” आणि चढली.

मी परत खोलीवर आलो. सुकन्या कामावर जायला निघाली होती, पण गेली नव्हती.

“सांगायचं हुतं की त्यास्नी,” ती सिदूला म्हणत होती. “रुसून गेल्या. आता परत पाटिवतील.”

“पाटवू दे. तू टाकून दे.”

“पर सांगितलं आसतं तर काय झालं आसतं?”

“सांगितलं तर ती सोता कशी लावल?” सिदू म्हणाला. “तिला रोज सकाळी लावाया लागती.”

भिंतीमागची खटखट सुरू झाली आणि सुकन्या गेली. सिदूने खाटेखालचं भांडं ओढलं, तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, बोट न लावता चूळ भरली आणि मला म्हणाला, “नाना, च्या झाकलाय तितं. द्या जरा.”